शेवटची चार मिनिटं

ओरेला दाराबाहेर होती.
म्हणजे जहाजाच्या दाराबाहेर, पार पोकळीत,
टाकीत चार मिनिटांची हवा.
आत कर्णधार, बोट लाल खटक्यावर.
उघडलं तर तिच्या पोशाखावरची धूळ आत येणार
आणि सगळे मरणार,
नाही उघडलं तर

आणि आमच्या मीटरमधलं नाणं संपलं.

चित्र आकसलं. मधोमध एक पांढरा ठिपका राहिला,
मग तोही गेला.

डंडी, चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी, तिसरा मजला.
नाणं टाकलं की वीज, संपलं की रात्र.
मी चाचपडत आईची पर्स उपसली,
कोटांचे खिसे, चहाच्या डब्याचं बूड,
खोटं कशाला बोलू, चर्चसाठी ठेवलेलं पाकीटसुद्धा.
त्यात एक बटण निघालं.
जिना उतरून मिसेस मॅक्ग्लाशनचं दार बडवलं.
"कुणी गेलं का गं, सेंगा?"
"तेच तर कळत नाहीये," मी म्हटलं.

उजेड परतला तेव्हा पडद्यावर
एक टाय लावलेला माणूस
उद्या धुकं पडेल म्हणत होता.

मला काही खुळी समजू नका.
जहाज पुठ्ठ्याचं होतं, कुणी धावलं की भिंत हलायची.
त्या सरपटणाऱ्या राक्षसाच्या पाठीवर चेन दिसायची,
आणि ओरेलाचं शिरस्त्राण म्हणजे उपडं घातलेलं फळांचं भांडं,
तस्संच आमच्याकडे होतं, आत्याने लग्नात दिलेलं.
पण साऱ्या टीव्हीवर ती एकच बाई होती
जी पुरुषांना सांगायची,
"गप्प बसा, मी मोजतेय."
मीही मोजायचे. घड्याळांच्या कारखान्यात,
दिवसाला सहाशे केसाएवढ्या स्प्रिंगा,
चिमट्याने, श्वास रोखून.
मला मात्र कुणी गप्प बसून दिलं नाही मोजायला.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसता बसता विचारलं.
नेटा कारगिल म्हणाली, उघडलं.
ती आत कोसळली, कर्णधार रडला,
"माझा नवरा नाही रडला कधी असा."
डॉड रेनी तोंडात पाय कोंबून म्हणाला, कसलं उघडतोय,
तिने काचेवर नुसता हात टेकवला, आणि गाणं लागलं.
म्हातारा वुली, जो ही मालिका भिकार म्हणायचा
आणि एकही भाग चुकवायचा नाही,
तो म्हणाला, दोरी तिनेच कापली.
जेवणाच्या सुट्टीत यावरून खरंखुरं भांडण झालं,
एक मग फुटला.

पुढच्या गुरुवारी मी तीन नाणी घेऊन बसले.
तिच्या खुर्चीत कल्लेवाला एक नवा पोरगा.
कुणी तिचं नाव काढलं नाही.
जणू खुर्ची आधीपासून त्याचीच.

पुढे कधीतरी कळलं, फिती पुसल्या.
फिती महाग, म्हणून त्यांवर फुटबॉलचे सामने घेतले.
ओरेलाच्या अंगावरून कुणीतरी गोल मारला.

आता नेटा नाही. वुली तर कधीचाच नाही.
डॉड नदीकाठच्या वृद्धाश्रमात, गुडघ्यावर घोंगडी.
परवा सहज विषय काढला.
"उघडलं की दार," तो म्हणाला. "लगेच उघडलं."
"डॉड, तू तर भांडला होतास माझ्याशी."
"मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो," म्हणाला,
आणि नर्सकडे आणखी रस्सा मागितला.

नवा टीव्ही बंद करताना ठिपका सोडत नाही.
नुसता काळा होतो, काही झालंच नाही असा.
मीटरमध्ये नाणं लागत नाही.
सकाळी मी एकटीपुरतं अंडं उकळत ठेवते,
चार मिनिटं,
आणि मोजता मोजता दाराकडे बघत राहते.
अंडं रोज जास्त शिजतं.