डाव्या कुशीवर

सव्वीस वर्षं मी शाळेची बस चालवते,
थंडर बे, मार्ग चौदा.
बसून बसून वजन वाढलं,
आणि बसून बसून शेवटी
बसायचीच चोरी झाली.

पोट लहान करायची तारीख अकरा फेब्रुवारी,
फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली.
त्यासाठी सहा महिने वर्गाला गेले, वही भरली:
सकाळी काय खाल्लं, दुपारी काय,
सगळे झोपल्यावर फ्रिजच्या उजेडात काय.
तेही लिहिलं.
रक्ताचं नाही लिहिलं.

"आणखी काही त्रास, मिसेस लाहतिनेन?"
"नाही," म्हटलं.
दोन वर्षं पांढऱ्या भांड्यात
क्रॅनबेरीचा रस सांडल्यासारखं दिसायचं.
बघायचं, फ्लश ओढायचा,
हात धुवायचे, बस काढायची.
लठ्ठपणाचं सांगावं लागत नाही,
तो दारातून माझ्या आधी आत शिरतो.
हे मात्र तोंडाने सांगावं लागतं,
आणि शब्द नेमका तिथेच अडतो
जिथे बाकीचं सगळं अडतं.

आईकडे सगळ्या दुखण्यांना एकच औषध, सौना.
गेले. तापल्या फळीवर टेकले मात्र,
आणि छताला भोक नसताना
आकाशातले तारे मोजून आले.

मग जानेवारीअखेर ते शेक सुरू झाले,
व्हॅनिला, व्हॅनिला, पुन्हा व्हॅनिला.
पोटात गेलं ते दगड होऊन बसलं.
रात्री दोन वाजता टबात कोमट पाणी घेऊन
मी अंधारात बसायचे.
पाण्यात मला वजन नसायचं.
ऑपरेशनचा हा फायदा
मला बिनऑपरेशनचा मिळत होता, वीस मिनिटं.

रक्ताचा अहवाल आला. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक नऊ.
सर्जनबाई फोनवर म्हणाल्या,
"पोटाचं नंतर. रक्त कुठून जातंय
ते आधी बघू."
अकरा फेब्रुवारी मी पेनाने खोडली.
कागद फाटला.

अवघड जागेचं दुखणं,
डॉक्टर जावई असता तरी चाललं असतं.
पडदा सरकला आणि आत आला कीगन मूनियास,
तिसरा बाक, खिडकीची बाजू,
पहिली ते आठवी.

"डाव्या कुशीवर वळा. गुडघे पोटाशी."
माझे गुडघे पोटाशी!
पोटच आधी गुडघ्यांपाशी गेलं.
खिडकीतून सरोवरापलीकडे तो खडकाचा माणूस दिसत होता,
मैलोन् मैल उताणा झोपलेला.
त्याचं वजन कुणी विचारत नाही.
त्याला बघायला लोक तिकीट काढून येतात.

"थोडं गार लागेल," कीगन म्हणाला.
मग थोडा थांबून,
"तुमच्या बसमध्ये हीटर पुढेच होता ना?"
होता. उणे एकतीस होतं त्या दिवशी,
दुसरीत होता तो, पँट ओली, ओठ निळे.
मी त्याला माझ्या कोटात गुंडाळून
हीटरपाशी उभं केलं
आणि बाकीच्यांना रस्ताभर मोठ्याने पाढे म्हणायला लावले
कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून.
आज त्याने चादर माझ्या कमरेपर्यंत ओढली,
हवी तेवढीच उचलली,
आणि नर्सला विचारलं,
काल हॉकीत कोण जिंकलं.

तीन कोंब होते. दोघांना रबराची कडी घातली,
मुली वेणीला लावतात तसली, अगदी बारीक.
आत दुर्बीणही घातली, वाईट काही नाही.
लोह आता शिरेतून. इसबगोल रोज.
नवी तारीख बावीस एप्रिल.
"दोन वर्षं सांगितलं का नाही?"
मी भिंतीकडे बघत म्हटलं,
"तू सांगितलं होतंस?"
तो इतका हसला
की हातमोजे काढताना एक खाली पडला.

सोमवारी बस काढली. सीटवर भोकाची गोल गादी.
पहिलीतल्या ओडेटने पायरीवरच थांबवलं,
"हे काय आहे?"
"डोनट."
"खायचं?"
"खायचे दिवस संपले. आता बसायचे."
तिला ते पटलं नाही.
मागे रांग खोळंबली होती, दारातून बर्फ आत येत होता.
ती गादीकडे बघतच राहिली,
मग दप्तर काढून
अगदी माझ्या मागच्या बाकावर बसली,
लक्ष ठेवायला.