पासिंग

काल रात्री गाडी तीनदा धुतली.
शाम्पूनं, मग फिनाईलनं, मग लिंबाच्या सालींनी.
तरी सकाळी दापोलीच्या मैदानात रांगेत लावली
तेव्हा पुढच्या शाळेच्या व्हॅनवाल्यानं
काच वर केली.

अकरा वर्षं हर्णै बंदरातून
बर्फ आणि मासळी वाहणारी गाडी.
वास तिला लागलेला नाही,
वास म्हणजेच ती.

नंबर शब्बीर पेंटरनं नव्यानं काढलाय,
आठाचा आकडा पोटातून जरा सुटलाय.
पुढे पांढरी पट्टी, मागे लाल, बाजूला पिवळी.
डावा इंडिकेटर लागायला लाजतो,
पण लागतो.

आग विझवायचं नळकांडं अख्ख्या रांगेत एकच.
ते हरेश्वर चोगल्यांच्या टेम्पोतून उतरून
वडापच्या जीपमध्ये चढलं,
तिथून व्हॅनमध्ये,
माझ्यापर्यंत आलं तेव्हा साहेब त्यालाच म्हणाले,
"ये बाबा. सकाळपासून
तुझीच तपासणी चाललीय."

आम्ही सगळे हसलो. साहेब हसले नाहीत.
साहेब घाटावरचे, नवीन.
तिकडे म्हणे गाड्या धुळीनं मरतात.
इथं लोखंड जिवंतपणीच खाल्लं जातं,
आतून, आवाज न करता,
आणि वर रंग तसाच
गोकर्णाच्या फुलासारखा निळा.

त्यांनी पुठ्ठा अंथरला, खाली सरकले.
नुसते बूट बाहेर.
ठक्. ठक्.
स्क्रू-ड्रायव्हरची मूठ चासीवर.
नारळ वाजवून घ्यावा तसा
मी कान देऊन उभा:
भरीव, भरीव,
भरीव,
मग एक पोकळ.

हौद्याचा उजवा कोपरा. बर्फाचं पाणी साचतं तो.
मला ठाऊक होता.
गेल्या शिमग्यात तिथं पत्रा मऊ लागला,
तेव्हा एम-सील भरून वरून काळं मारलं,
अन्वर वेल्डरकडे गेलो नाही.
पैसे नव्हते असं नाही. होते.
आत किती उरलंय
तेवढंच कळून घ्यायचं नव्हतं.

खालून आवाज आला, "हे काय आहे?"
"खारं पाणी, साहेब."
"ते कळलं. त्याच्यावर काय आहे?"
"त्याच्यावर मी, साहेब."

बाहेर आले. चिमूटभर तांबडा भुगा
माझ्या तळहातावर ठेवला,
सुटे पैसे परत करावेत तसा.
"कापून नवा पत्रा घाला. आठ दिवसांनी आणा."
शिक्का नाही. शिवीही नाही.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
कागद खिशात घातला.
भुगा टाकवेना.

तेवढ्यात दिसलं,
त्यांच्या खाकी कॉलरला खवलं चिकटलेलं,
तांबोशीचं असावं, नखाएवढं,
तिन्ही धुण्यांतून वाचलेलं.
सांगावंसं वाटलं.
नाही सांगितलं.
पुढच्या टँकरखाली ते वाकले
तेव्हा ऊन लागून एकदा लकाकलं,

आणि टँकरवाल्याचा पोरगा
धावत माझ्याकडे आला,
"काका, नळकांडं."