आठ पावलं

रविवारी ट्रक धुतला, आरसे पुसले,
आणि दीक्षिताला म्हटलं, ये, समोर उभी राहा.
बंपरला पाठ लावून. हो, तशीच.
मी वर चढलो, सीटवर बसलो.
इंजिन बंद, चावी खिशात, तरी हात थरथरत होता.

काच स्वच्छ. काचेत माड, काचेत विहिरीचा रहाट,
सुलक्षावहिनींनी वाळत घातलेली निळी चादर.
मुलगी नाही.
"दिसते का रे पप्पा?"
आवाज तेवढा आला, खालून कुठूनतरी.

म्हटलं, एक पाऊल पुढे टाक.
नाही.
आणखी एक.
पाचव्या पावलाला तिने हात वर केला,
बोटं दिसली. फक्त बोटं,
वर्गात उत्तर येत असल्यासारखी.
आठव्याला लाल रिबीन, कपाळ,
आणि वळून पडका दात दाखवत हसणारी ती.
तिला तो खेळ वाटला. म्हणाली, आता तू उतर, मी बसते.

अठरा वर्षं हा हत्ती हाकतोय.
खाणीवरून जेटीवर, जेटीवरून खाणीवर,
खेपेमागे पैसे, म्हणून दिवसही खेपांत मोजायची सवय.
आठ पावलांची ही खोली माझ्या नाकासमोर होती
आणि तिच्यात कोण येतं-जातं, मी कधी विचारलं नाही.

सोमवार. दिवाळीची सुट्टी संपली.
वेळग्याच्या तिठ्यावर अजून नरकासुराचा सांगाडा,
जळक्या तारा, बांबू, एक हात आभाळात.
वध होऊन तीन आठवडे झाले,
तरी वळणावर उभा राहून तो पोरं झाकत होता.
फटू पायलटने त्याला कमरेत धरून ओढला,
गटारापलीकडे टाकला, हात झटकले.

चाळीस वर्षं फटूने मोटारसायकलवर माणसं वाहिली.
गुडघे गेले तशी गाडी विकली,
पुढचा पिवळा मडगार्ड तेवढा ठेवला.
तो ठोकून सपाट केला, दांडा लावला,
एका बाजूला लाल रंगात लिहिलं: थांब.
दुसरी बाजू पिवळीच. विचारलं तर म्हणतो,
"ती माझी."
नेमलं कोणी नाही त्याला. पगार म्हणजे
पोदेराने सायकल थांबवून दिलेले दोन उंडे.

बालरथ थांबला, दार उघडलं. लाल धुळीत नवे बूट.
मागून एक स्कूटर: पुढे उभा एक, मागे एक, मध्ये दप्तर,
तीन डोक्यांत मिळून एक हेल्मेट.
बाई, तुम्हाला नावं ठेवत नाही,
उशीर मलाही होतो, मालक माझाही ओरडतो.
पण पुढच्याची हनुवटी हँडलवर टेकली होती
आणि ती मला बराच वेळ
ब्रेकवरच्या पायात जाणवत राहिली.

पलीकडे गाडी लावून एक बाप म्हणाला, "पळ!"
आणि पोरगं पळालं.
बापाचं ऐकतात ती. भीती तीच.

मडगार्ड वर गेला.
मी थांबलो. पट्ट्यांवर नाही, पट्टे कधीच पुसले गेलेत,
आठ पावलं अलीकडे.
मागच्या टिपरने हॉर्न दिला, मग त्याच्या मागच्याने,
मग अख्ख्या रांगेने.
मी हात बाहेर काढून हलवला, सावकाश,
झोपलेल्या पोराला थोपटावं तसा.

पोरं गेली. एक मुलगा मध्येच थांबला,
पुढे सरकत घरंगळणाऱ्या बाटलीमागे
थेट माझ्या चाकांपर्यंत आला, वाकला,
आणि काचेतून पुसला गेला.
काचेत फक्त रस्ता. रिकामा, निर्दोष रस्ता.
मी पाय दाबूनच ठेवला.
फटूही हलला नाही.
मग बाटली दिसली. मग बोटं.

संध्याकाळी काट्यावर कारकून म्हणाला,
"आज एक खेप कमी, शांबा?"
म्हटलं, हो.
त्याने वर पाहिलंही नाही, वहीत आकडा लिहिला.

घरी दीक्षिताला सगळं सांगितलं.
ती भाकरी चावत विचार करत राहिली.
"आठ पावलं माझी मोजलीस की तुझी?"
तुझी.
"मग तुझी मोज ना. तुझी मोठी आहेत."

उद्यापासून माझी.