बघायला आलेले

जेलरोडच्या रिक्षावाल्याला म्हटलं, मुलगी बघायला आलेय,
प्रेसच्या क्वार्टर्समागे, सिमेंटच्या मैदानावर.
त्याने आरशातून आधी माझा ट्रॅकसूट बघितला,
मग गळ्यातली शिट्टी,
आणि वीस रुपये जास्त सांगितले.

एप्रिल. पायऱ्या अजून भाजत होत्या.
आम्ही चौघे पेपर पसरून बसलो:
मुंबईचा एक, जाड वही घेऊन,
संभाजीनगरचे दोघे, एकाच पुडीतले शेंगदाणे खाणारे,
आणि पुण्याची मी.
दरवर्षी भेटतो. हसतो. मुलंबाळं विचारतो.
फोन आला की मात्र उठून
पाण्याच्या टाकीमागे जातो.

शलाका गायधनी. दहावीचा शेवटचा पेपर परवा झालेला.
उंची पाच फूट दोन,
डावा हात उजव्याइतकाच खोटारडा.
मुंबईवाल्याने बूट आधीच पाठवलेले, सहा नंबरचे.
तिचा पाय पाचचा.
पुढे कापूस कोंबून ती त्यातच पळत होती,
वळताना बूट वळायचा आधी,
आणि पाय आत, अर्धा क्षण उशिरा.
कुणाच्या वहीत हे नव्हतं.

एकोणीस सेकंद. एका गुणाने मागे.
ती मधून शिरली, दोघींना खांद्याने
वेगवेगळ्या दिशांना पाठवलं,
समोर रिंग, रिकामी,
आम्ही चौघे अर्धे उठलेलो
आणि तिने चेंडू मागे दिला.
न बघता. रूथ घोलपला.
रूथ उंच, संथ, सबंध सामना
कुणी पाहुणी आल्यासारखी उभी होती.
रूथचा चेंडू कड्यावर आपटला, घुटमळला,
बाहेर पडला.

मुंबईवाल्याने वही मिटली.
स्वतःच मारायला हवा होता, म्हणाला.
शेंगदाणेवाले म्हणाले, मोठ्या सामन्याची मुलगी नाही.
मी लिहिलं: रूथ मोकळी होती.
आणि त्याखाली दोन रेघा.

घरी आईने पोहे केलेले, सवयीने.
शेजारणीने दारातूनच विचारलं,
इतक्यात? सोळाची तरी होऊ द्या.
वडील प्रेसमध्ये. दिवसभर नोटांचे ताव तपासतात.
छापतो आम्ही, वाटत नाही, म्हणाले,
हा विनोद त्यांनी पुष्कळदा केलेला असणार.
मग चष्मा काढला.
पाय गेला तर फी कोण भरणार?

माझ्याकडे कागद होते.
होस्टेल, मेस, वर्षाला दोन जोड बूट,
मी पेनाने पुढे लिहिलं, पाच नंबर.
तिसऱ्या पानावर, खाली, बारीक अक्षरात
एक कलम असतं.
घराघरांत मी ते पान अंगठ्याने
पटकन उलटत आलेय, नऊ वर्षं.
इथे अंगठा थांबला. का, ते मला विचारू नका.
वाचून दाखवलं.
खेळण्यास असमर्थ ठरल्यास सवलत रद्द.
पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

शलाका भिंतीला टेकून उभी,
बोटांना अजून सिमेंटची धूळ.
रूथला पण घ्याल?
जागा एकच आहे.
तिकडे मग पास कुणाला देऊ?

याचं उत्तर आमच्या माहितीपत्रकात नाही.
म्हटलं, विचार करा. सोमवारपर्यंत.
सहीची जागा कोरीच ठेवून कागद
फ्रीजवर ठेवले गेले, लोणच्याच्या बरणीखाली.

तिसऱ्या मजल्यावरून उतरताना
मी कठडा धरते. डाव्या गुडघ्यात दोन स्क्रू आहेत,
आंतरविद्यापीठ, उपांत्य फेरी, जुनी गोष्ट.
कुणाला कळू देत नाही,
उजवा पाय आधी, मग डावा, मग थोडं थांबायचं,
जणू फोन बघतेय.

वर गॅलरीत ती उभी होती.
हात केला नाही.
मोजत होती, मला वाटतं,
माझ्या पायऱ्या.