शेपूट धरणारा हात

तांपेरेत बर्फ राखाडी व्हायला लागला
की ताइस्तो येतो. दाराशी बूट आपटतो,
विचारतो, 'आली का गाय?'
मी मान हलवते.
बावीस वर्षं हेच.

त्याच्याकडे चारशे अकरा रेकॉर्डी आहेत
आणि वाजवायला काही नाही.
लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला. म्हणतो,
कान मोटारींना दिले, डोळे तेवढे उरलेत.
त्याला हवी असतात विडंबनाची कव्हरं.
मूळ गायक जिथे वाऱ्यात केस सोडून उभा,
तिथे टेबलफॅनसमोर टकला खाटीक.
जिथे सात देवदूत, तिथे सात प्लंबर,
पाठीला प्लायवूडचे पंख, एकाचा पडायला आलेला.
मूळ रेकॉर्ड दाखवली तर तोंड फिरवतो.
'ती काय, कुणाकडेही असते.'

खोट्याच्या कपाळी गोटा, म्हणतात.
माझ्या दुकानात खोट्याच्या कपाळी किमतीची चिठ्ठी असते,
खऱ्याच्या दसपट.

तर गाय.
एका गायिकेचं कव्हर होतं: चंदेरी झगा,
काळा पियानो, एक मेणबत्ती, आणि नजर अशी
की आपणच तिचं काही देणं लागतो.
दोन वर्षांनी कुओपिओकडच्या चार अकॉर्डियनवाल्यांनी
गोठ्यात पियानो नेला,
गायीला स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळली,
मेणबत्तीच्या जागी चरवी ठेवली.
नजर बदलावी लागली नाही.
रेकॉर्डिंगही तिथेच उरकलं, भाडं वाचावं म्हणून.
तीनशे प्रती निघाल्या. निम्म्या कुणाच्या तरी तळघरात भिजल्या.

या वर्षी एइला नावाची बाई आली.
पिशवीत बटाटे, बटाट्यांखाली टॉवेल,
टॉवेलात गाय.
मी फोन केला. ताइस्तो टोपी न घालता आला.

त्यानं भिंग लावलं. फॉइलच्या सुरकुत्या पाहिल्या,
कोपरे पाहिले, मग डाव्या कडेला थांबला.
'शेपूट कुणी धरलंय?'
मनगटापर्यंतच आत आलेला एक हात,
बाहीचं बटण तुटलेलं.
'ओलावी. माझा भाऊ,' बाई म्हणाली.
'शेपटीनं फॉइल उडवत होती सारखी,
म्हणून त्याला उभा केला.
एरवी फोटोला उभा राहायचा नाही तो. हा एवढाच आहे.
त्याच हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ फसवा निघाला.'

'मग विकता कशाला?' मी विचारलं.
'बॉयलर गेलाय.'

ताइस्तोनं पैसे मोजले. घासाघीस नाही.
नखानं हळूच काळी तबकडी बाहेर ओढली
आणि रिकामं कव्हर तिच्या बटाट्यांवर ठेवलं.
'मी फक्त रेकॉर्ड घेतो. कव्हरं जमवत नाही,' म्हणाला.
माझ्याकडे बघायचं त्यानं टाळलं.
तबकडी कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळली नि गेला.

दुसऱ्या दिवशी जुना प्लेअर न्यायला आला.
आठवड्यानं मी विचारलं, कशी आहे?
'भयंकर. गाय बरी गायली असती.'
मग काउंटरवर वाकून, आवाज खाली आणून:
दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या गाण्याआधी, कुणीतरी हसतं.
अर्धा सेकंद. फारतर.
चौघांतलं कुणी नाही. चौघांचं हसू तो आता ओळखतो.
'तिला बोलू नकोस. आधी खात्री करतो.'

तेव्हापासून रोज रात्री खात्री करतो.
सुई तिथेच टेकवतो, तिथेच उचलतो.
काल सांगत होता, खरखर वाढलीय तेवढ्यात.
मी म्हटलं, सुई बदल.
'सुईचं नाही ते,' म्हणाला,
आणि खोक्यांतल्या रेकॉर्डी चाळत उभा राहिला
बराच वेळ,
काही न मागता.