मागचं वजन

माझं काम घसरण्याचं.
रास अल खैमाच्या कारखान्यात फरशी ओली करायची,
रबरी टाचेचा लोलक सोडायचा
आणि तो किती अडला ते वहीत लिहायचं.
छत्तीसच्या वर गेला की फरशी न्हाणीघरात,
खाली राहिला की भिंतीवर.
एक वेळ पाय घसरला तरी चालेल, आई म्हणायची,
जीभ घसरू नये.
आई, माझा पगार पायावर आहे.

फेब्रुवारीतला रविवार.
रात्रभर जेबेल जैसवर गारा पडल्या,
पहाटे फोनवर कुणीतरी पाठवलेला पांढरा डोंगर,
आणि गेटपाशी भट्टीवरचे तिघे:
"मॅडम, तुमची गाडी जाईल का तिथे?"
बाराशे अंशांसमोर उभी राहणारी माणसं
शून्य बघायला निघालेली.
तोफज्जल बारिसालचा, शिवनेसन तिरुनेलवेलीचा,
आणि लोकबहादूर,
जो बसल्या बसल्या झोपला.

गाडी विजेची, जुन्या बाजारातली.
जोर सगळा मागच्या चाकांना.
विकणारा म्हणाला होता,
इथे कुठला बर्फ, ताई, बिनधास्त घ्या.

वर चढताना टक्के गळत गेले.
काचेवरची वाफ घालवायला हीटर लावला
तर आणखी चार.
पोलिसांनी रस्ता अजून अडवला नव्हता.
मग एक वळण आलं, साबुदाणा सांडल्यासारखं,
आणि मी पाय उचलला.
एवढंच केलं.
पण ही गाडी पाय उचलला की स्वतःच थांबू बघते,
मागची चाकं धरून ठेवते,
आणि गारांवर धरलेलं चाक
चाक राहत नाही, साबणाची वडी होते.
आमची पाठ आमच्या पुढे निघाली.

"ब्रेक नाही,"
मागून झोपेतला आवाज.
"पाय नाही. जिकडे जायचं तिकडे बघा."
मी कठड्याकडे बघत होते.
मान वळवली. हात मानेमागून गेले.
कठडा हातभर लांब राहिला.

पुढे मात्र गाडी हलेना.
चाकं जागीच फिरतायत, पिवळा दिवा लुकलुकतोय,
मी दाबतेय, ती नुसती कण्हतेय.
लोकबहादूर उतरला, उघड्या तळहाताने रस्ता चाचपला,
जसं कणीक किती सैल ते बघावं.
"बॉनेटखाली काय आहे?"
इंजिन नाही. तिथे नमुन्याच्या फरश्यांची चार खोकी,
मीच ठेवलेली, गेल्या बुधवारपासून.
ती त्याने मागे नेली.
त्यांच्यावर शिवनेसनला बसवलं, शेजारी तोफज्जल,
गुडघे हनुवटीला, डिकी उघडी,
दोघे हसतायत, दात वाजतायत.
"आता हळू. दूध उतू जाईल एवढं हळू."

गाडीने रस्ता धरला.
तेव्हा कळलं, मी आयुष्यभर लोलकच सोडत होते,
फरशीवर कुणाला उभं करून बघितलंच नव्हतं.

वर दोघांनी एकमेकांच्या सदऱ्यात गारा कोंबल्या,
फोन काढले, आयांना दाखवल्या.
लोकबहादूर डोळे मिटून नुसता वास घेत उभा.
"जुम्ल्याला घराच्या दारापर्यंत येतो," म्हणाला,
"फावड्याने ओढायचा."
किती वर्षं झाली जाऊन?
त्याने बोटांवर मोजलं,
पण वर्षं नव्हे:
"अकरा बर्फ."

उतरताना रस्ता कोरडा झाला तशी
मी चाकांना परत वीज गोळा करायला लावली.
डोंगराने सात टक्के परत दिले.
पेट्रोलच्या गाडीला उतार असं काही देत नाही,
हे मी शिवनेसनला सांगत होते;
तो म्हणाला, आम्हालाही नाही.

कॅम्पच्या गेटवर चौदा जण वाट बघत होते.
तोफज्जलने जेवणाचा डबा छातीशी धरून आणला होता,
वर मफलर गुंडाळलेला.
उघडला.
पाणी,
आणि तळाशी कालच्या डाळीतला
मेथीचा एक दाणा.
तरीही डबा हातोहात फिरला,
प्रत्येकाने त्यात बोट बुडवलं.
"गार आहे," शेवटचा म्हणाला.