स्मेदिकमध्ये मोडी

बिस्किटांच्या डब्यातून त्याने कागद काढला
आणि टेबलावरची चहाची वर्तुळं बाहीने पुसली.
बचित्तरसिंग, वय एक्याऐंशी, ओतशाळेत चाळीस वर्षं,
उजव्या हाताला तीन बोटं आणि एक कडं.
"गुरुद्वाऱ्यात कुणाला लागेना. आधी फारसी म्हणाले,
मग म्हणाले, ती मराठीण आहे ना,
दवाखान्यात रक्त काढते ती, तिला दाखव."

ती मी.
मोडी वडिलांनी शिकवली, भूमी अभिलेखात कारकून होते.
आधी पानभर रेघ ओढायची, म्हणायचे,
मग तिच्यावर अक्षरं वाळत घालायची.

घरात चालत आलेली गोष्ट त्याने आधी सांगितली.
लद्धासिंग, सुताराचा पोर,
निघाला तेव्हा एक घोडी, तीही मागून आणलेली.
सात वर्षांत बावन्न गावं,
मातीचा कोट, दोन तोफा, स्वतःचा नगारा.
अफगाण आले की रानात, अफगाण गेले की शेतात.
कधी हरला नाही.
हा कागद मराठ्यांच्या हरकाऱ्याकडून लुटलेला.
पुढे लाहोर, नैरोबी, आणि हे स्वयंपाकघर.

"वाच."

अक्षरं एकमेकांच्या अंगावर, भाऊबंदांसारखी.
दिल्लीचा कुणी वकील पुण्याला लिहितो:
विज्ञापना ऐसीजे, लद्धासिंग नामें सिख सरदार
जमुना उतरोन अंतर्वेदींत राखी घेत होता.
आपली चौथ त्या गांवीं पोंचत नव्हती.

मला हसू आलं. तुमची राखी, आमची चौथ,
सणांची नावं दोन्ही,
आणि गावाने तेच एक पोतं दोनदा द्यायचं.
तोही हसला. "लुटारू तर लुटारू. आपले होते."

पुढची ओळ घडीवरच विरली होती.
मी भिंग धरलं.
धाकटा बंधू विहिरीचे कारणें वेगळा जाहला.
उभयतांत झुंज जाली. कोट व नगारा बंधूकडे गेला.
सरदार रात्रौ येके घोडीनसीं निघोन गेला.
कोठें गेला न कळे.

मी वर पाहिलं नाही.
मघाशी फ्रिजवर एक फोटो दिसला होता,
दोन तरुण, सारख्या पगड्या, मागे ओतशाळेची चिमणी,
एकाच्या तोंडावर गॅसचं बिल चुंबकाने लावलेलं.

फाटलंय म्हणता आलं असतं.
सुई घालताना मी रोज म्हणतेच,
थोडंसं टोचेल.
वाचलं. जसं होतं तसं.

कडं तो बराच वेळ फिरवत राहिला.
मग हळूच, हिशेब चुकल्यासारखा:
"सरदार निघून गेल्यावरचं पत्र ना हे?
मग हरकाऱ्याला अडवलं कुणी?"

मी भिंग पुसलं.
"म्हणजे आम्ही कुणाचे?"

कालव्यावर कुणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.
"आमच्यातही," तो म्हणाला, "धाकटा मीच."
विहिरीचं पुढे काय झालं, नीट बघ म्हणाला.
पाहिलं. खाली एवढंच होतं, बहुत काय लिहिणें,
आणि लेखनसीमेचा शिक्का, अर्धवट उमटलेला.

कोट चढवताना मी पाहिलं,
त्याने फ्रिजवरचं बिल काढलं,
भरायची तारीख डोळ्यांजवळ नेऊन वाचली
आणि परत लावलं,
जरा बाजूला.